शंभर खुर्च्यांची खोली

डबल बेसचा सोलो सुरू झाला आणि पलीकडच्या टेबलावर केक आला. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुंबईतलं एक नीटनेटकं रेस्तराँ, कोपऱ्यात पियानो, डबल बेस (माणसाएवढं उंच, खर्जातलं तंतुवाद्य) आणि ड्रम वाजवणारे तिघे, दारावर ‘आज रात्री लाइव्ह जॅझ’ असा फलक. पियानोवाल्याने हात उचलून मांडीवर ठेवले. ड्रमरने काड्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. बेस वाजवणारा तिशीतला मुलगा डोळे मिटून एकेक सूर जपून ठेवू लागला. तेवढ्यात दिवे मंद झाले, मेणबत्त्या लागल्या आणि वीसेक जणांनी वाढदिवसाचं गाणं धरलं. मुलाने डोळे उघडले, ड्रमरकडे बघून मान हलवली आणि नुकताच रंगू लागलेला सोलो आठ बारांत, म्हणजे तालाच्या आठ छोट्या मापांत, गुंडाळला.

त्या कुटुंबाचा मला राग आला नाही. ती माणसं जेवायला आली होती, मुलीचा वाढदिवस होता, आणि आपण मैफलीत बसलोय असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. राग आला तो याचा, की त्या मुलाला आपल्या शहरात वाजवायला जागा मिळते ती अशीच. पनीर टिक्क्याच्या आणि बिअरच्या खपावर ज्याचा हिशेब चालतो, त्या कोपऱ्यात. खप उतरला की सगळ्यात आधी वादक बंद.

माझं म्हणणं सरळ आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पन्नास ते शंभर-सव्वाशे खुर्च्यांच्या अशा खोल्या हव्यात, जिथे लोक ऐकायला म्हणून येतील. आणि सरकारने या खोल्यांना हॉटेल-बारच्या परवान्यापासून वेगळं काढून स्वतंत्र, सोपी वाट करून दिली पाहिजे. मी हे जॅझच्या निमित्ताने लिहिते आहे, कारण मोठी जागा या संगीताला मानवत नाही.

हे मला नीट कळलं ते न्यूयॉर्कच्या एका तळघरात. न्यू जर्सीला बहिणीकडे गेले होते. ‘अगं, एवढ्या लांब आलीस आणि तळघरात काय बसायचं?’ असं म्हणत का होईना, ती माझ्याबरोबर आली. मॅनहॅटनमध्ये सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवर व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचा क्लब आहे. १९३५ सालापासून तिथेच आहे. अरुंद जिना उतरून खाली गेलं की एक त्रिकोणी खोली, भिंतींवर वादकांचे फोटो, खुर्च्या १२३. खायला काही मिळत नाही. स्वयंपाकघर आहे, पण त्यात वादक बसतात, आणि वाजवायची वेळ झाली की टेबलांमधून वाट काढत, ‘जरा सरकता का’ म्हणत मंचावर येतात. फोन आत ठेवा, बोलू नका, एवढं सुरुवातीला सांगितलं गेलं, आणि खरंच कुणी बोललं नाही.

आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. सॅक्सोफोन वाजवणारी बाई रीड तोंडात धरून ओली करत होती, ते दिसत होतं. ती हळू वाजवायला लागली की सुरांबरोबर चाव्यांखालच्या कातडी गाद्यांचा टपटप आवाजही येई, आणि वाक्य संपताना आधी सूर विरे, मग नुसता श्वास उरे. ड्रमर स्नेअरच्या, म्हणजे तळाला तारा ताणलेल्या छोट्या ड्रमच्या, कातड्यावर ब्रश गोल फिरवत होता. सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज. एक गोष्ट तर मी तोवर कधी ऐकलीच नव्हती. बेसचा एक ठरावीक खालचा सूर लागला की, कुणी हात न लावताही, स्नेअरच्या तळाच्या तारा आपोआप झणझणत. सतारीच्या तरफा बोलतात ना, तशा. रेकॉर्डिंगमध्ये हा आवाज बहुधा दोष म्हणून काढून टाकतात. त्या खोलीत मात्र त्यातून कळत होतं की ही वाद्यं एकाच हवेत श्वास घेताहेत.

मग एका जागी सॅक्सोफोनने तीन सुरांचा एक तुकडा घेतला, पियानोने तो उलटा करून परत दिला, आणि ड्रमरला हे इतकं अनपेक्षित होतं की तो वाजवता वाजवता हसला. आपल्याकडे ‘क्या बात है’ निघतं त्याच जागी तिथे चार-पाच जणांच्या तोंडून हुंकार निघाला. परतीच्या गाडीत बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तो ड्रमवाला हसला ना, तेव्हा मला कळलं काय चाललंय ते.’ तिला जॅझमधलं ओ की ठो माहीत नाही. पण ती पंधरा फुटांवर होती.

या पंधरा फुटांमध्ये सगळं आहे. जॅझमध्ये धून ठरलेली असते, तिच्याखाली स्वरसंगतींचा सांगाडा ठरलेला असतो, आणि बाकीचं जागेवर घडतं. चार माणसं एकमेकांचं ऐकून क्षणाक्षणाला निर्णय घेतात. ऐकणाऱ्याला ते निर्णय दिसले, तर तो त्या संभाषणात ओढला जातो. पाच हजार लोकांच्या मैदानात त्यातलं काय उरतं? बेस डावीकडच्या भोंग्यातून येतो, ड्रम सगळीकडून येतात, आणि कोणता आवाज किती मोठा हे वादकांऐवजी मागे बसलेला ध्वनी-तंत्रज्ञ ठरवतो. वादकही एकमेकांना थेट न ऐकता समोरच्या स्पीकरमधून ऐकतात. अशा ठिकाणी हळू वाजवायचं धाडस कुणी करत नाही. मोठ्याने, वेगाने आणि टाळ्या घेणारंच वाजवावं लागतं.

मराठी श्रोत्याला हे वेगळं पटवून द्यायची गरज पडू नये. तानपुऱ्याची जवारी कानावर यावी इतक्या जवळ बसून गाणं ऐकणारी माणसं आपल्या घराघरांत होऊन गेली. कोल्हापूरचा देवल क्लब काय, गिरगावातलं लक्ष्मीबाग काय, या बैठकीच्याच जागा. सतरंजीवर बसलेला श्रोता मान हलवायचा आणि गवय्याला ती दिसायची. सवाई गंधर्व महोत्सवाला मी न चुकता जाते आणि जात राहीन. पण मांडवात बसणारा श्रोता घडतो कुठे, याचा विचार केला की आपण बैठकीशीच येऊन थांबतो.

जॅझमधला माझ्या माहितीतला सगळ्यात सुंदर पुरावा व्हॅनगार्डमधलाच आहे. २५ जून १९६१, रविवार. पियानिस्ट बिल इव्हान्सच्या त्रिकुटाने त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत पाच सेट, म्हणजे वादनाच्या पाच फेऱ्या, वाजवले आणि ते ध्वनिमुद्रित झाले. बेसवर स्कॉट लाफारो होता, वय २५. ड्रमवर पॉल मोशन. त्याआधी बेस बहुतेक वेळा खाली राहून चालत राही. लाफारो पियानोशी वाद घालतो, मध्येच बोलतो, त्याचं वाक्य पुरं करतो. ११ दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. त्या मुद्रणात ग्लासांची किणकिण ऐकू येते, गप्पाही येतात. म्हणजे त्या दिवशीचे श्रोतेही काही देवळात बसल्यासारखे नव्हते. वाढदिवसाच्या केकवरच्या माझ्या तक्रारीला हे थोडं छेद देणारं आहे, हे मान्य. पण एक फरक आहे. ती खोली संगीतासाठी होती; बोलणारे तिथे पाहुणे होते. आपल्या रेस्तराँमध्ये पाहुणे म्हणून वागवले जातात ते वादक.

आता कायद्याकडे. अशा खोल्या श्रोत्यांच्या प्रेमावर उभ्या राहतात हे खरं, पण पडतात त्या बहुतेक वेळा कागदावर. न्यूयॉर्कनेच हे करून पाहिलं आहे. तिथे १९२६ साली कॅबरे कायदा आला. खाण्यापिण्याच्या ठिकाणी गाणं, वाजवणं, नाचणं असेल तर वेगळा परवाना. १९४० पासून तर वादकांना पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावं लागे. ते नसेल तर दारू विकणाऱ्या क्लबात वाजवता येत नसे. गायिका बिली हॉलिडेचं कार्ड १९४७ च्या शिक्षेनंतर गेलं. कार्नेगी हॉलमध्ये ती हजारोंपुढे गाऊ शकत होती, पण शंभर माणसांच्या क्लबात गायची तिला मुभा नव्हती. पियानिस्ट थेलोनियस मंकचं कार्ड १९५१ मध्ये काढून घेतलं गेलं आणि तो जवळजवळ सहा वर्षं आपल्याच शहरातल्या क्लबांबाहेर राहिला. १९५७ मध्ये कार्ड परत मिळालं, आणि फाइव्ह स्पॉट नावाच्या एका छोट्याशा बारमध्ये तो त्या उन्हाळ्यापासून महिनोन् महिने वाजवत राहिला. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन त्याच्या शेजारी उभा असायचा, आणि रात्री-रात्री वाजवून तिथेच घडला. सहा वर्षं हे घडू शकलं नाही, कारण एका खात्याने एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं नाही.

ही ओळखपत्रं १९६७ ला गेली. पण विनापरवाना जागेत तीनपेक्षा जास्त वादक नकोत, आणि तेही फक्त पियानो-तंतुवाद्यांचे, सॅक्सोफोन-ट्रंपेट-ड्रम नकोत, असले नियम ऐंशीच्या दशकात कोर्टाने काढून टाकेपर्यंत टिकले. मूळ कायदा रद्द व्हायला २०१७ साल उजाडलं. जॅझची राजधानी म्हणवणाऱ्या शहरात ९१ वर्षं!

आपल्याकडे काय आहे? मुंबईत सार्वजनिक करमणुकीच्या जागांना जे नियम लागू होतात ते १९६० चे आहेत. त्यांच्या नावातच ‘मेळे व तमाशे’ आहेत. हजारोंच्या गर्दीचा मेळा आणि साठ माणसांपुढे वाजणारा पियानो, दोन्ही एकाच नियमावलीच्या कक्षेत. गर्दी आवरायला केलेले नियम शांत बसलेल्या साठ जणांना लावले की जागा चालवणारा माणूस कंटाळतो, आणि ज्याच्याकडे आधीच हॉटेलचे, बारचे परवाने आणि ते सांभाळायला माणसं आहेत, तोच काय तो लाइव्ह म्युझिक ठेवू शकतो. संगीत बारच्या दावणीला बांधलं जातं ते इथे. मग महिन्याचं भाडं निघावं म्हणून ग्लास फिरत राहिले पाहिजेत, ग्लास फिरायचे तर बोलणं चालू राहिलं पाहिजे, आणि बेसचा सोलो आठ बारांत संपला पाहिजे.

ब्रिटनने २०१२ साली लाइव्ह म्युझिक कायदा केला. दारूचा परवाना असलेल्या जागेत सकाळी ८ ते रात्री ११ पर्यंत, २०० श्रोत्यांच्या आत, स्पीकर लावून संगीत ठेवायचं असेल तर त्यासाठी निराळा परवाना नको. पुढे २०१५ मध्ये ही मर्यादा ५०० वर नेली. शेजाऱ्यांना त्रास झाला तर ही सवलत काढून घेता येते. म्हणजे आधी विश्वास आणि मग कारवाई. आपल्याला हीच पद्धत हवी आहे, आणि मी तर त्याहून कमीच मागते: शंभर-सव्वाशे खुर्च्या, बंद खोली, बसून ऐकणं, रात्री दहाच्या आत समाप्ती. एवढं असेल तर एकाच खिडकीवर नोंदणी आणि वर्षातून एकदा तपासणी.

यावर एक आक्षेप असा, की परवाने सैल केले की आग लागते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्रीनंतर, कमला मिल आवारातल्या पबांच्या आगीत १४ माणसं गेली. म्हणूनच बाहेर पडायचे दोन रस्ते, अग्निशमन खात्याचा दाखला, खुर्च्यांपेक्षा एकही माणूस जास्त नको, यात तसूभरही सूट मागू नये. पण आग परवान्यांची संख्या मोजत नाही. पंधरा कागद गोळा करायला लावणारी व्यवस्था माणसाला पंधरा टेबलांखालून पैसे सरकवायला शिकवते. एकच तपासणी असावी आणि ती खरी असावी.

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नाहीत, हा देशाचा नियम आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि मला स्वतःला गणपतीतल्या डीजेच्या भिंतीसमोर राहायचा अनुभव असल्याने तो नियम अगदी मान्य आहे. पण व्हॅनगार्डच्या त्या सॅक्सोफोनला लाउडस्पीकर लागला नव्हता. बंद खोलीतल्या चार वाद्यांना आपण मिरवणुकीच्या तागडीत तोलतो आहोत. शिवाय उलटंही घडतं: संगीताची जागा आधीपासून असते, शेजारी नवा टॉवर उभा राहतो आणि मग तक्रारी सुरू होतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये यावर तोडगा काढला. जो नंतर आला, त्याने आवाज अडवायचा खर्च करायचा. जो बिल्डर शंभर कोटींचा टॉवर बांधतो, त्याला दुहेरी काचा परवडतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. ‘हे इंग्रजी बोलणाऱ्या श्रीमंतांचं संगीत, त्यासाठी मराठी माणसाने का भांडावं?’ याला उत्तर धोबीतलावात आहे. गोव्याच्या गावागावांतल्या चर्चच्या शाळांत मुलं सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, आणि व्हायोलिन शिकत, मग बोटीने मुंबईला येत आणि आपल्या गावाच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोल्यांत, ट्रंक ठेवून काम शोधत. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडप्रमुख ताज हॉटेलात आला, त्याच्यामागोमाग आणखी काही आले, आणि या गोवेकर पोरांनी त्यांचं ऐकून ऐकून जॅझ उचललं. हळदोण्याच्या ट्रंपेटवादक आंतोनियो वाझला लोक चिक चॉकलेट म्हणत. मिकी कोरियाने १९३९ पासून दोन दशकं ताजचा बँड सांभाळला. मग दारूबंदी आली, क्लबांची कमाई आटली, आणि यातले कितीतरी जण सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाऊ लागले. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, १९५१ च्या ‘अलबेला’त याच चिक चॉकलेटला त्याच्या बँडसकट घेतलं. आपल्या आईबापांनी ज्या ट्रंपेटवर ठेका धरला, तो कुणा साहेबाचा नव्हता. तो बार्देशमधल्या एका खेड्यातल्या मुलाचा होता.

आज जॅझ महाग आहे हे खरं. पण तो महाग कशाने झाला? तिकिटाने नाही. तिकिटाबरोबर सक्तीने येणाऱ्या जेवणाने आणि दारूने. खोलीतून बार काढा आणि मग किंमत बघा.

१९७८ साली मुंबईत दोन गोष्टी सुरू झाल्या. फेब्रुवारीत निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी रंगभवन या खुल्या नाट्यगृहात जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा भरवला. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्ससारखा माणूस तिथे वाजवून गेला. आणि नोव्हेंबरात जुहूला दोनशे खुर्च्यांचं पृथ्वी थिएटर उघडलं. जॅझ यात्रेने एका पिढीचे कान तयार केले, तिच्याबद्दल मी कृतज्ञच आहे. पण यात्रा संपली की इथल्या वादकाने पुढच्या यात्रेपर्यंत वाजवायचं कुठे, याचं उत्तर तिच्यात नव्हतं. यात्रा थांबली. रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि गाण्याला मुकलं. पृथ्वीत मात्र आजही प्रयोग होतात, उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत, आणि प्रेक्षक ते आनंदाने पाळतो. महोत्सवांना प्रायोजक मिळतात, मंत्र्यांना उद्घाटन मिळतं. खोलीला यातलं काही मिळत नाही, पण खोली दर मंगळवारी उघडी असते.

त्याहीआधी, १९७४ मध्ये, दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकं सुरू केली. ना वातानुकूलन, ना धड रंगमंच. मराठी रंगभूमीला त्या हॉलने काय दिलं हे या वाचकांना सांगायला नको. आज महापालिकेच्या किती शाळांचे हॉल संध्याकाळी सहानंतर कुलपात असतात! त्यातले दहा हॉल आठवड्यातून दोन दिवस संगीतासाठी द्यायला कायदाही बदलावा लागणार नाही. एक ठराव पुरेल. तिथे दारू नसेल, त्यामुळे अर्धे परवाने आपोआप गळतील. एका दिवशी जॅझ, दुसऱ्या दिवशी कुणी नवी मुलगी ख्याल गाईल, नाहीतर एखादा शाहीर.

आणि आपण ऐकणाऱ्यांनी तिकीट काढायचं. चहाच्या दोन कपांना तीनशे रुपये देताना आपण बिल नीट बघतही नाही, आणि दोन तासांच्या मैफलीला तीनशे म्हटलं की ‘पास मिळेल का?’ विचारतो. मीही विचारलेलं आहे. ज्या वादकाने तीस वर्षं रियाज केला, त्याच्या हातावर दाराशी जमलेल्या पैशांतला मोठा वाटा त्याच रात्री पडला पाहिजे.

साठ तिकिटं, तीनशेप्रमाणे अठरा हजार. त्यातून हॉलचं भाडं, पियानो सूर लावणाऱ्याचे पैसे, चौघांचं मानधन. ताणून बसतं, पण बसतं. पहिला सेट आठला, मध्ये पंधरा मिनिटं आणि कोपऱ्यात चहा, दुसरा सेट पावणेदहाला संपवायचा. वाद्यं आवरून दहाला कुलूप. बेसवाल्या मुलाला टॅक्सी लागेल, डबल बेस लोकलमध्ये शिरत नाही. बाकीच्यांना दादरहून बोरिवलीची गाडी सहज मिळते.